आंबा घाटात काटा शून्यावर, गिअर अडकतो. सेन्सर बदलूनही तेच (एसपीएन १९१)

हातखंबा_तिठा
मंडळी, जाणकारांनी जरा डोकं लावा. गाडी ट्रेलर, १२ गिअरची एएमटी (क्लच-गिअर आपोआप टाकणारी), जयगड ते कोल्हापूर फेरी. साखरप्यापर्यंत काही तक्रार नाही. आंबा घाट चढायला लागलो की कुठल्या तरी वळणावर स्पीडोमीटरचा काटा धपकन शून्यावर येतो, स्क्रीनवर गिअरचा आकडा लुकलुकतो आणि गाडी ज्या गिअरला असेल त्यातच अडकते. खालचा गिअर पडत नाही, इंजिन दम टाकायला लागतं. बाजूला घेऊन थांबलो तर न्यूट्रलच्या पुढे जात नाही. चावी बंद करून जरा वेळ थांबलो आणि परत चालू केली की जणू काही झालंच नव्हतं.

वर्कशॉपात आउटपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समधून बाहेर निघणाऱ्या शाफ्टचा वेग मोजतो तो) बदलून दिला. काही दिवस गाडी नीट, मग पुन्हा तेच. आता म्हणतात गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिटच गेलंय. त्याचा आकडा ऐकल्यापासून शेठ माझ्याशी धड बोलत नाहीत. खरंच युनिट जातं का असं?

वायरमन_लोटे
नुसतं 'सेन्सर फॉल्ट' सांगून भागत नाही. एसपीएन (बिघाड कुठल्या भागाचा) आणि एफएमआय (बिघाड कुठल्या प्रकारचा) दोन्ही आकडे द्या. कोड ॲक्टिव्ह होता की जुना पडून राहिलेला? आणि हे कोरड्यात होतं की पावसात?

हातखंबा_तिठा
स्कॅनरचा फोटो काढून ठेवला होता, बघून लिहितोय. एसपीएन १९१. एफएमआय बहुतेक वेळा २, कधीतरी ५. गॅरेजला पोचेपर्यंत इनॲक्टिव्ह झालेला असतो. पाऊस म्हणाल तर हो, जूनपासून वाढलंय. पण मे महिन्यातही एकदा झालं होतं, गाडी धुऊन आणली त्या दिवशी.

मालवणी_माणूस
अरे बाबानू, युनिट बिनीट काय नाय. आदी कपलर, म्हणजे सेन्सरच्या वायरीचो प्लग, काढून बघा. गाडी धुतली आणि झाला म्हणजे माका तरी दुसरा काय वाटणा नाय. आमच्या बंदरावरच्या मासळीच्या गाडयेंचा ह्याच रडगाणा, खारा पाणी चेसिसवर गळता नि पिना हिरव्ये होतत.

पाना_बारा_तेरा
तात्पुरता उपाय: ऑटोवरून मॅन्युअलला टाका आणि घाट चढून जा. वर गेल्यावर बघू काय ते.

वायरमन_लोटे
पाना, हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. एएमटीत मॅन्युअल म्हणजे फक्त तुम्ही गिअर मागता. द्यायचा की नाही ते युनिटच ठरवतं. आतला गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच असतो, क्लच आणि गिअर टाकायचं काम तेवढं हवेचे सिलिंडर करतात. पुढचा गिअर टाकण्याआधी युनिट आउटपुट शाफ्टचा वेग गुणिले त्या गिअरचा रेशो असा हिशेब करतं, इंजिन त्या आरपीएमला आणतं, मग दात जुळतात. आउटपुटचा आकडाच आला नाही तर ते गुणणार काय? म्हणून आहे तो गिअर धरून ठेवतं, किंवा सुटला तर न्यूट्रलला सोडून देतं. लिव्हर मॅन्युअलला असली तरी फरक पडत नाही.

आता तिठावाले, तुमच्या कोडकडे येतो. १९१ म्हणजे आउटपुट शाफ्टचा वेग. १६१ असता तर इनपुट शाफ्टचा. मागचा एफएमआय त्याहून कामाचा. ५ म्हणजे सर्किट उघडं, करंट जातच नाही. ३ आणि ४ म्हणजे वायर कुठेतरी पॉझिटिव्हला किंवा अर्थला लागतेय. २ म्हणजे आकडा येतो पण पटण्यासारखा नाही. १० आला तर वेग इतक्या झटक्यात बदलला की खरी गाडी तसं करूच शकत नाही. तुमच्याकडे २ आणि ५ आलटून पालटून येतायत, म्हणजे कुठेतरी कॉन्टॅक्ट येतोय-जातोय. युनिटही कधी असं वागतं, नाही असं नाही. पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

कोड सर्किटचं नाव सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कपलर आहे, पाच-सात फूट वायर आहे, मध्ये लूमचे (वायरींच्या जुडग्याचे) जोड आहेत, शेवटी युनिटच्या पिना आहेत, आणि सेन्सरच्या समोर फिरणारी दात्यांची रिंग आहे. वर्कशॉपवाल्यांनी त्यातला एकच तुकडा बदलला.

स्टेअरिंगवाला
तांत्रिक चाललंय ते चालू द्या, पण ड्रायव्हर म्हणून दोन शब्द. चढावर अडकलं तर निदान गाडी थांबते. उतारावर झालं आणि गिअर सुटून न्यूट्रलला गेला तर इंजिन ब्रेक गेला, सगळा भार पायाच्या ब्रेकवर. लोडेड ट्रेलर, पाऊस, आंबा किंवा करूळचा उतार, ड्रम तापायला किती वेळ लागतो ते इथे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा कोड येत असेल तर घाट उतरायलाच घेऊ नका. उतरताना मध्येच आला तर गिअरशी खेळत बसू नका. वेग हाताबाहेर जाण्याआधी गाडी दाबून पूर्ण थांबवा, हँडब्रेक, चाकांना लाकडी ठोकळे, मागे त्रिकोण, आणि क्लिनरला मागच्या वळणाच्या अलीकडे उभा करा. चावी बंद-चालू करायची ती उभ्या गाडीत. चालत्या गाडीत चावी फिरवणारे महाभाग मी पाहिलेत.

हातखंबा_तिठा
स्टेअरिंगवाले भाऊ, बरोबर. शेठना तेच सांगितलंय, नीट झाल्याशिवाय कोल्हापूर नाही. गाडी निवळीला उभी आहे. ओळखीतला एक वायरमन येतोय, त्याच्याकडे मल्टीमीटर आहे, स्कॅनरही मिळेल. काय काय बघायचं ते क्रमाने सांगाल का?

वायरमन_लोटे
सांगतो. थोडं लांबेल.

सेन्सरला हात लावायच्या आधी स्कॅनरवर तीन वेग एका वेळी लावा: इंजिन, इनपुट शाफ्ट, आउटपुट शाफ्ट. रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर एक चक्कर मारा आणि बाजूला बसलेल्याने आकडे वाचायचे. क्लच पूर्ण बसलेला असताना इंजिन आणि इनपुट सारखे हवेत. इनपुट भागिले चालू गिअरचा रेशो बरोबर आउटपुट. रेशो २ चा गिअर असेल आणि इनपुट १६०० असेल तर आउटपुट ८००. आता ताशी ६० ला टॉप गिअरमध्ये काय यायला हवं ते कागदावर काढून ठेवा. २९५/९० आर २० टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ६० किमी म्हणजे मिनिटाला १००० मीटर, चाकाचे फेरे सुमारे ३१२. डिफरन्शियल ४.१ चं असेल तर शाफ्ट १२८० च्या आसपास. टॉप गिअर डायरेक्ट असेल तर इंजिनही तितकंच. तुमच्या गाडीचे रेशो वेगळे असतील, ते प्लेटवर किंवा पुस्तकात बघा.

यात आउटपुट मध्येच शून्यावर पडत असेल आणि एबीएसकडून येणारा चाकांचा वेग त्याच वेळी शाबूत असेल, तर चाकं फिरतायत, शाफ्ट फिरतोय, फक्त बातमी पोचत नाहीये. सगळेच वेग एकदम गायब होत असतील तर मात्र सेन्सर सोडा आणि बॅटरीचे टर्मिनल, चेसिसची अर्थ आणि कॅन लाइन (गाडीतली युनिटं एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) बघा. बॅटरी काढून कॅनच्या दोन वायरींमध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक सुटलंय.

मग सेन्सर कुठल्या जातीचा ते ओळखा. दोन वायरींचा असेल तर बहुतेक मॅग्नेट आणि कॉइलवाला, त्याला सप्लाय लागत नाही, दाते समोरून गेले की स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. तीन वायरींचा असेल तर बहुतेक हॉलवाला, त्याला सप्लाय लागतो आणि तो चौकोनी पल्स देतो. हॉलवाल्याला ओहमवर तपासू नका, त्यातून काही कळत नाही आणि वर सेन्सर खराब व्हायची भीती. त्याचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बदलतोय का एवढंच बघायचं.

कॉइलवाला असेल तर कपलर काढून दोन पिनांमध्ये ओहम. काही गिअरबॉक्सना पुस्तकात २००० ते ४५०० ओहम दिलेलं असतं, काहींना बरंच कमी, तेव्हा आपल्या गाडीचा आकडा धरा. कॉइल तांब्याची आहे हे विसरू नका. थंडीत २५०० दाखवणारी कॉइल गरम तेलात ३००० च्या वर जाते. तो बिघाड नाही. एक पिन आणि सेन्सरच्या बॉडीमध्ये मात्र काहीच येता कामा नये.

आता मुख्य गोष्ट, जी लोक करत नाहीत. कपलर परत लावा आणि तेच ओहम युनिटच्या टोकाला, युनिटचा प्लग काढून मोजा. चावी बंद हवी. दोन्हीकडे जवळपास सारखा आकडा आला पाहिजे. आला नाही तर फरक वायरीत आहे. मीटर तिथेच धरून दुसऱ्याने लूम हातात घेऊन गिअरबॉक्सपासून पुढे एकेक वीत हलवत जायचं. आकडा जिथे उडी मारतो तिथे थांबा.

वायरीत सुई टोचून मोजू नका. कोकणात तर मुळीच नाही. आज टोचलेलं भोक पुढच्या पावसात हिरवं झालेलं सापडतं.

खाडीपट्टा
वाचतोय, फार कामाचं. एक शंका: ओहम बरोबर आले तरी सेन्सर खराब असू शकतो ना?

वायरमन_लोटे
असू शकतो, म्हणून एसी व्होल्ट बघायचे. मागचं एक चाक जॅकवर उचलून स्टँडवर टेका, गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवा. पण हँडब्रेक त्याच चाकांवर असतो, तो सोडल्याशिवाय चाक फिरत नाही. तेव्हा आधी पुढची चाकं आणि ट्रेलरची चाकं ठोकळ्यांनी पक्की करा, मगच सोडा. सपाट जागा हवी. घाटात हा उद्योग नको. हाताने फिरवल्यावर व्होल्टाचा काही दशांश भाग दिसला तरी कॉइल जिवंत आहे. जोरात फिरवला की आकडा वाढला पाहिजे.

आणि सेन्सर बाहेर काढून टोक बघा. आत मॅग्नेट आहे, त्यामुळे तेलातला लोखंडी चुरा तिथेच येऊन बसतो. थोडी करडी पेस्ट असणं नेहमीचं, फडक्याने पुसून टाका. पण झिलईदार कण, तुकडे दिसले तर सेन्सरचा विषय बाजूला ठेवा आणि गिअरबॉक्सचं तेल काढून बघा. टोकावर घासल्याचे ओरखडे असतील तर दात्यांची रिंग हलतेय, म्हणजे मागचा बेअरिंग किंवा फ्लँजचा नट ढिला. प्रोपेलर शाफ्टला धरून वर-खाली हलवून बघा.

बसवताना आटेवाला सेन्सर दात्याला हलकेच टेकेपर्यंत आत घ्यायचा, मग पुस्तकात सांगितलंय तेवढा, साधारण अर्धा ते पाऊण फेरा मागे. बोल्टने बसणाऱ्याला गॅप ठरलेला असतो. खाली वॉशर घालून उचलू नका. गॅप वाढला की कमी वेगात सिग्नल मरतो, आणि घाटात गाडी कमी वेगातच असते.

मालवणी_माणूस
ह्या शेवटचा लाख बोललात. पण गॅप दर वळणावर बदलणा नाय. वळणार, खड्ड्यात झाला तर वायरच.

जीपीएस_नको
माझा अनुभव वेगळा टोकाचा आहे. गाडी उभी, इंजिन चालू, आणि स्क्रीन म्हणते वेग ताशी ७. गिअर टाकायलाच तयार नाही कारण तिला वाटतं गाडी चालतेय. सेन्सर बदलला, तसंच. शेवटी कळलं की पुढे जादा फॉग लॅम्प आणि हॉर्न बसवणाऱ्याने त्याची वायर गिअरबॉक्सच्या लूमला टेपने बांधून नेली होती. आणि सेन्सरच्या पिळलेल्या दोन वायरी एका जोडापाशी उलगडून सरळ केल्या होत्या. अल्टरनेटरचा गोंगाट आत शिरत होता. वायरी परत पिळल्या, लॅम्पची वायर चेसिसच्या दुसऱ्या अंगाने नेली, भूत गेलं.

दुसरं, जीपीएस आणि स्पीड गव्हर्नर बसवणारे. त्यांना वेगाचा सिग्नल हवा असतो, आणि सगळ्यात जवळची वायर कुठली तर हीच. ताशी ८० चा गव्हर्नर नियमाने लागतो, तो काढा असं मी म्हणत नाही. पण त्याचा सिग्नल कुठून घेतलाय ते एकदा गाडीखाली झोपून बघा.

पाना_बारा_तेरा
चिपळूणला २०२१ च्या जुलैतल्या पुरात बुडालेल्या गाड्या आठवल्या. इंजिनं उघडून धुतली, तेलं बदलली, सगळ्यांनी लगेच रस्त्यावर काढल्या. लूमकडे कोण बघतो? पुढे कितीतरी दिवस कधी मीटर बंद, कधी एबीएसचा दिवा. पुराचा गाळ कपलरच्या रबरामागे वाळून बसला की तो पावसाळ्यात परत ओला होतो.

(मॅन्युअलवाली सूचना मागे घेतो. आमच्याकडे सगळ्या साध्या लिव्हरच्या गाड्या आहेत.)

हातखंबा_तिठा
मंडळी, सापडलं. वायरमन आला, तुम्ही सांगितल्या क्रमाने केलं.

सेन्सरच्या कपलरवर २४०० च्या आसपास, एकदम स्थिर. कपलर नवा, पिना पिवळ्याधमक. टोकावर नेहमीची करडी पेस्ट. युनिटच्या टोकाला मोजलं तर ३९०० आणि तोही एका जागी थांबेना. मी खाली झोपून लूम हलवत गेलो. क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीच्या) वर, जिथे लूम क्लिपमधून वळतो तिथे हात लागला आणि वायरमन वरून ओरडला, 'गेला!' मीटर मोकळा.

काळी टेप सोडवली. आत चिमट्याने दाबून बसवतात ती निळी प्लास्टिकची क्लिप, तिच्यातून एक जास्तीची तांबडी वायर निघून केबिनकडे गेलेली. जुन्या जीपीएसची. ते यंत्र काढून टाकलं त्याला जमाना झाला, वायर तशीच लोंबत होती, दुसरं टोक उघडं. क्लिपच्या पातीने मूळ वायरीचे निम्मे तार कापले होते. उरलेल्यांवर हिरवट पावडर, नखाने खरवडली तर भुगा. आवरण मागे सोलत गेलो तर तांबं चांगलं वीतभर काळं पडलेलं. पाणी क्लिपपाशी शिरलं आणि आवरणाच्या आतून वर चढत गेलं. चढावर इंजिन जोर लावतं, केबिन आणि गिअरबॉक्स आपापल्या दिशेने पिळतात, तो लूम तिथेच ताणला जातो. म्हणून सपाटीला काही नाही आणि घाटात नाटक.

वायरमन_लोटे
छान शोधलंत. आता जोडताना घाई नको. काळं पडलेलं तांबं सगळं कापून टाका, चकचकीत तार लागेपर्यंत मागे जा. मध्ये त्याच जाडीचा नवा तुकडा घाला. क्रिम्प करून वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट श्रिंक नळी. नुसतं पिळून टेप मारलीत तर पुढच्या गणपतीला परत इथेच लिहाल. दोन्ही वायरींचे जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका, पुढे-मागे ठेवा, आणि दोन्ही परत पिळून घ्या. क्लिपपाशी लूमला थोडी ढील द्या. काम झालं की दोन्ही टोकांना परत ओहम आणि हलवून बघणं. मग कोड पुसा, चावी बंद करून युनिटला झोपू द्या, आणि रिकाम्या गाडीने आधी पालीपर्यंत जाऊन या.

हातखंबा_तिठा
तसंच केलं. दोन्हीकडे २४०० आणि २४०५. पाली, मग रिकाम्याने साखरपा आणि घाट वर-खाली, धो धो पावसात. तीनही वेग जुळतात, कोड नाही. आज लोड घेतला. शेठ बोलायला लागले, पहिलं वाक्य: 'मग आधीच्या सेन्सरचे पैसे कोण देणार?'

मालवणी_माणूस
शेठ ते शेठच. जुनो सेन्सर टाकू नका, तो चांगलो आसतलो. पुसून डब्यात ठेवा.

रेडी_टिपर
धागा वर काढतोय, माफी असावी. आमचा खनिजाचा टिपर, एएमटी. कोड काहीच नाही. पण लोड घेऊन चढावर इंजिन १८०० आणि स्कॅनरवर इनपुट शाफ्ट १६५०. मिस्त्री म्हणतो इनपुट सेन्सर कमी दाखवतोय, बदलू. तुमचं वाचून थांबलोय.

वायरमन_लोटे
बरं केलंत. त्याच क्षणी गिअर कुठला आणि आउटपुट किती?

रेडी_टिपर
त्या गिअरचा रेशो १.५ आहे. आउटपुट ११००. रिकाम्या गाडीला इंजिन आणि इनपुट सारखे दिसतात.

वायरमन_लोटे
१६५० भागिले १.५, अकराशेच येतात. म्हणजे इनपुट आणि आउटपुट एकमेकांशी जुळले, दोन वेगळे सेन्सर एकाच वेळी एकाच प्रमाणात खोटं सांगणार नाहीत. इनपुट सेन्सर ठीक आहे. इंजिन आणि इनपुट शाफ्टच्या मध्ये काय असतं? क्लच. तो लोडला घसरतोय. स्कॅनरवर क्लचची झीज दिसत असेल तर वाचून घ्या, मागच्या क्रँक सीलमधून तेल प्लेटवर जात नाही ना ते बघा, आणि मिस्त्रीला म्हणावं सेन्सर मागवू नको. तोवर चढावर लोड कमी घ्या, नाहीतर फ्लायव्हीलही बदलायला लागेल.

रेडी_टिपर
बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) खालच्या भोकातून तेल गळतंय. उद्या गिअरबॉक्स उतरवतो.